पाकिटाची पाठ

वजन कमी करायचं ठरलं की आधी खर्च वाढतो. रोज डोंबिवलीहून फास्ट लोकलने सीएसएमटी गाठणाऱ्या बाईला सकाळी सॅलड चिरत बसायला वेळ नसतो, हे उघडच आहे. मग 'हेल्दी' आणि 'झटपट' दोन्ही एकाच पाकिटात मिळतंय म्हटल्यावर मी सुपरमार्केटात शिरले. स्वयंपाकाचा जो काही वेळ वाचणार होता, तो सगळा तिथे पाकिटांच्या पाठी वाचण्यात गेला.

पुढून बघाल तर नाचणीची कणसं, हिरवं पान, सडपातळ बाई. खरी हकिगत मागे, चष्म्यालाही न जुमानणाऱ्या अक्षरांत. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, असा नियम आहे. त्यामुळे 'नाचणी बिस्किटां'त मैदा पहिल्या बाकावर, शेजारी साखर आणि पामतेल, आणि नाचणी बिचारी हजेरीपुरती शेवटच्या बाकावर. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून नाचणी पाकिटावर आली, आत यायची बाकी आहे.

'साखर नाही' असं ठसठशीत लिहिलेल्या एनर्जी बारमध्ये गूळ निघाला. गूळ सात्त्विक वगैरे सगळं मान्य, पण कॅलरींत तो साखरेच्या शेजारीच राहतो. 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा डब्यांवरून काढा, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं. तोवर आमच्या ऑफिसातल्या निम्म्या मुली जेवणाऐवजी तोच पीत होत्या.

शेवटी डाएट चिवडा घेतला. कॅलरींचा आकडा बघून मी खूश. खाली बारीक अक्षरांत: प्रति सर्व्हिंग, ३० ग्रॅम. पाकीट २०० ग्रॅमचं. आता ३० ग्रॅम चिवडा म्हणजे नेमका किती? स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, वाटी ठेवून शून्य केला आणि चिमटी-चिमटीने चिवडा घालायला लागले. काटा ३१ दाखवायला लागला, म्हणून एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. तरी ३१च. अजून एक. मग एक डाळं, एक खोबऱ्याचा काप. काटा ३० वर आला तोवर पोटात किती गेलं, याचा हिशेब काट्याकडे नव्हता.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "अगं, आम्ही सोनंसुद्धा एवढं मोजून घेतलं नाही," म्हणाल्या.

ऑफिसात दोन पक्ष आहेत. डॉ. दीक्षितवाले दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण उरकणार. ऋजुता दिवेकरवाले दर दोन तासांनी थोडं थोडं खाणार. मी दोन्ही पक्षांच्या बैठकींना हजर असते.

परतीच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, मी भाजलेले मखाणे काढते. आजूबाजूला कुणी मटार सोलतंय, कुणी पालेभाजी निवडतंय. एकटीने खाणं बरं दिसत नाही, म्हणून डबा पुढे करते. मग शिष्टाचार सुरू होतो: ठाण्याला ढोकळा येतो, दिव्याला बाकरवडी. नाही म्हटलं तर "डाएटवर आहेस वाटतं?" असं अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं विचारतात. मखाण्यांमुळे बाकरवडी टळायला हवी होती, ती त्यांच्यामुळेच मिळते. पौष्टिक खाणं कशाच्या जागी येतच नाही हो, ते नेहमी वरून येतं.

अखेर सासूबाईंनी सूत्रं हाती घेतली. "मटकी भिजत घालायला कसला गं वेळ लागतो? रात्री पाण्यात टाक, सकाळी उपसून फडक्यात बांध." बांधली. रविवारी असे लांबसडक मोड आले की बघत राहावं. लिंबू पिळून, कांदा घालून खायची, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण नवरा पाव आणायला गेला होता तो फरसाणही घेऊन आला, आणि मी अंघोळ करून बाहेर येईपर्यंत सासूबाईंचा कट गॅसवर उकळत होता.

"मटकी काय, हेल्दीच आहे," असं म्हणत नवऱ्याने माझ्या वाटीत मूठभर फरसाण टाकलं. मी ओरडले.

"तीसच ग्रॅम आहे गं," तो म्हणाला.