काहिलीचा शॉट तेवढाच राहणार

नमस्कार सर,

गुऱ्हाळावरच्या माझ्या शॉर्टफिल्मबद्दल तुम्ही लिहिलंत: गोष्ट नाही, काहिलीचा, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईचा, शॉट संपता संपत नाही, वाफेनं चित्र धुरकट झालंय, चरकाच्या घरघरीत बोलणं ऐकू येत नाही. वर, ‘बाबूराव पेंटरांच्या गावात असलं करू नये, महोत्सवात कोण घेणार?’

महोत्सवाचं आधी उरकतो. बहुतेक नाहीच घेणार. नोकरी सांभाळून मोबाईलवर काढलेली फिल्म आहे, पैसे माझे, वाट बघणारं कुणी नाही. निर्मात्यानं तो शॉट पंधरा सेकंदांवर आणला असता, आणि त्याचं चुकलंही नसतं, त्याला तिकिटं खपवायची असतात. मला कसली घाई?

आता काहील. रस उकळतोय, भेंडीच्या चिकानं मळी वर येतेय, ती काढणं चाललंय. शेवटी गूळ करणारा गुळव्या थेंबभर पाक पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळते का बघतो. वळली की एकच आरडाओरडा, आणि काहील गूळ निववायच्या वाफ्यात रिकामी. जरा मागंपुढं झालं की गूळ बिघडला. गोष्ट मला तिथंच दिसते, त्या माणसाच्या तोंडावर. वाफ आली की चेहरा पुसट, विरली की परत. लेन्स पुसत बसलो असतो तर गोळी हुकली असती. एक्स्पोजरसुद्धा, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, चेहऱ्यावर लॉक केलं होतं, मागचं उसाचं रान पांढरंफटक पडलं तरी चालेल म्हणून. बोलणं तर काहिलीपाशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू येत नाही, तिथं सगळा कारभार हातवाऱ्यांवर! त्यावर पार्श्वसंगीत म्हणून बासरी कशाला लावू?

राहिले बाबूराव. कोल्हापूरचा, नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस. आनंदराव पेंटरांबरोबर सिनेमाचा कॅमेरा बनवायला घेतला, 1916 मध्ये आनंदराव गेले, तरी तो पुरा केला. 1920 मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ चित्रपट आला. पौराणिक चित्रपट चालत असताना 1925 मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला, कर्जापायी जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा. त्यांच्याशी माझी बरोबरी नाही, पण त्यांचंच नाव घेऊन मला ‘चाकोरी सोडू नको’ म्हणणं काही पटत नाही बघा.

पुढचं शूटिंग मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यांचं. तिथं मात्र लिलावाची बोली शब्द न् शब्द ऐकू यायला हवी. सवड असेल तर या, माईक धरायला माणूस हवाच आहे.