थर्मोस्टॅट काढू नका: कॅराव्हॅन ओढणाऱ्यांसाठी फिरणाऱ्या ‘सात टिपां’ना उत्तर

‘कॅराव्हॅन घेऊन घाट चढताय? गाडी कधीच तापणार नाही, फक्त या सात टिपा पाळा’ हा मेसेज सध्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. भाच्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, सोमवारी थर्मोस्टॅट काढायला गाडी टाकतोय.’ त्याला थांबवलं. पण मेसेज थांबलेला नाही, म्हणून हे लिहितोय. (कॅराव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर.)

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्या सात टिपा अशा. एक, थर्मोस्टॅट (इंजिनातल्या पाण्याची वाट तापमानानुसार उघडणारी झडप) काढून टाका. दोन, कूलंटऐवजी (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) विहिरीचं साधं पाणी भरा. तीन, रेडिएटरची कॅप सैल ठेवा म्हणजे दाब साचत नाही. चार, घाटात एसी बंद, हीटर चालू. पाच, वरच्या गिअरमध्ये आरपीएम कमी ठेवून चढा. सहा, पंखा थेट बॅटरीला जोडा. सात, गाडी तापलीच तर इंजिन लगेच बंद करा, कॅप उघडा आणि गार पाणी ओता.

सातवी आधी घेतो, कारण तिच्यात माणूस भाजतो.

बंद सिस्टीममधलं कूलंट ११० अंशांवर असूनही उकळत नाही, कारण कॅपने त्याच्यावर दाब धरलेला असतो. कॅप फिरवली की तो दाब क्षणात जातो आणि आतल्या द्रवाचा काही भाग एकदम वाफ होतो. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती रेडिएटरच्या तोंडातून उसळते, आणि त्याच वेळी त्या तोंडावर कोणीतरी वाकलेलं असतं. हात, छाती, चेहरा भाजल्याच्या घटना अशाच होतात. गार पाणी ओतण्याचं नुकसान वेगळं: ॲल्युमिनियमचं तापलेलं हेड (इंजिनचा वरचा भाग) एका बाजूने झटकन गार होतं आणि वाकतं किंवा त्याला तडा जातो. मग गॅस्केट, हेड फेसिंग, आणि गाडी आठवडाभर गॅरेजात.

‘लगेच बंद करा’ हेही सरसकट खरं नाही. इंजिन बंद झालं की वॉटर पंप थांबतो. हेडमधली उष्णता तिथेच अडकते आणि काही मिनिटं तापमान उलट वर जातं. म्हणून डॅशवरचा तापमानाचा काटा चढताना दिसला, पण वाफ नाही आणि कूलंट गळत नाही, तर असं करा. सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा, गाडीच्या आणि कॅराव्हॅनच्या दोन्हींच्या चाकांमागे दगड लावा. एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, त्याचा पंखा पूर्ण वेगात. गाडी न्यूट्रलमध्ये १२०० ते १५०० आरपीएमवर चालू राहू द्या. दोन-तीन मिनिटांत तापमान उतरायला लागलं पाहिजे. उतरत नसेल, वाफ दिसली किंवा खाली हिरवं-गुलाबी पाणी सांडताना दिसलं, तर मात्र बंदच करा. कूलंट निघून गेलेलं असलं की सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा खोटा खाली येतो. काटा उतरला म्हणून गाडी चालवत राहिलेल्यांची इंजिनं जॅम झालेली आहेत. बंद केल्यावर निदान पाऊण-एक तास कॅपला हात लावू नका. वरचा होज (रेडिएटरची रबरी नळी) चिमटीत सहज दबला, म्हणजे दाब उतरला. मग जाड फडकं टाकून कॅप पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुसफुस थांबू द्या, नंतर काढा.

आता पहिली टीप. ती मला सगळ्यात जास्त खटकली, कारण तिच्यामागचा तर्क ऐकायला पटतो: झडप काढली, वाट मोकळी झाली, पाणी जास्त फिरणार.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची कुपी असलेली झडप. साधारण ८२ ते ८८ अंशांना ती उघडायला लागते आणि त्याच्यावर दहा-बारा अंशांत पूर्ण उघडते. पण कित्येक इंजिनांत तिला दुसरं टोक असतं, खालची चकती. मुख्य झडप उघडत जाते तशी ही चकती बायपासचं तोंड बंद करत जाते. बायपास म्हणजे इंजिनमधून निघालेलं पाणी रेडिएटरला न जाता पुन्हा पंपाकडे नेणारी आखूड वाट. थर्मोस्टॅट काढला की ही वाट कायमची उघडी राहते. पाणी सोपी वाट धरतं, आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटर न पाहताच इंजिनात परततो. म्हणजे नेमक्या चढावर, पूर्ण भारात, रेडिएटरची काही क्षमता आपण आपल्या हाताने घालवतो.

सपाटीवर उलट होतं. हायवेवर रिकामी गाडी ६०-६५ अंशांवरच रेंगाळते. इंजिन अजून गार आहे असं समजून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त इंधन सोडतो, तेलात पाणी आणि इंधन साचून गाळ होतो. बीएस-६ डिझेलमध्ये तर पुरेसं तापमान येत नाही म्हणून डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) रिजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळणं, सुरूच होत नाही आणि फिल्टर काजळीने भरत जातो. डॅशवर इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर लावला तर बहुधा पी०१२८ हा कोड निघतो. कूलंट ठरलेल्या तापमानाला पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या टिपेला विरोध करणारेही अनेकदा चुकीचं कारण देतात. ‘पाणी इतकं जोरात धावतं की रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही,’ असं सांगतात. तसं होत नाही. प्रवाह वाढला तर रेडिएटर एकूण उष्णता जास्तच टाकतो. अडचण बायपासची आहे, वेगाची नाही.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर काढून तपासा. पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्याने तो मधोमध लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. अंगावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. अर्धवट उघडत असेल तर त्याच तापमानाचा नवा टाका, ओ-रिंग किंवा गॅस्केट नवीनच वापरा, आणि जिगल पिन (हवा निघायच्या भोकातली हलती छोटी पिन) असेल तर ती वरच्या बाजूला ठेवून बसवा. हवा तिच्यातून निघते.

काहीही न काढता गाडी भार ओढत चढ चढू शकते, याला एकच पुरावा देतो, पण तो भक्कम आहे. गाडी किती वजन ओढू शकते हे ठरवण्यासाठी अमेरिकेत एसएई जे-२८०७ हे मानक आहे, २००८ साली प्रसिद्ध झालेलं. त्यातली उष्णतेची चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे: सुमारे १८ किलोमीटरचा चढ, हवा किमान ३८ अंश, मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर, आणि एसी सगळ्यात थंडवर चालू. साध्या (मागे जोडचाकं नसलेल्या) गाडीचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये. हे करून दाखवणाऱ्या गाड्यांत थर्मोस्टॅट असतो, कूलंट असतं, घट्ट कॅप असते. आपला आंबा घाट किंवा कुंभार्ली कितीही वळणांचा असला तरी याहून लांब नाही. कंपनीने दिलेली कूलिंग सिस्टीम जशी हवी तशी असेल आणि ओढायचं वजन मॅन्युअलमधल्या मर्यादेत असेल, तर तिच्यातला कुठलाही भाग काढायची गरज नाही.

भार किती वाढतो तेही बघा. १९०० किलोची गाडी सहा टक्के चढावर ताशी ४० ने चढवायला, नुसतं वजन वर उचलायलाच, साधारण साडेबारा किलोवॅट लागतात. मागे ११०० किलोची कॅराव्हॅन जोडली की ते वीसच्या घरात जातं. ढोबळमानाने चाकांना जेवढी ताकद मिळते, जवळपास तेवढीच उष्णता कूलंटमध्ये उतरते. ती बाहेर टाकायला वारा मात्र ताशी ४० किलोमीटरचाच.

दुसरी आणि तिसरी टीप एकत्र घेतो, कारण दोन्ही मिळून एकच घोटाळा करतात. साध्या पाण्यात एका लिटरमागे कूलंटच्या मिश्रणापेक्षा थोडी जास्त उष्णता मावते, हे मान्य. मेसेजवाल्याला एवढंच कुठून तरी कळलेलं दिसतं. पण सैल कॅप आणि साधं पाणी घेऊन आंबोलीच्या माथ्यावर, सातशे मीटरच्या आसपास, पोचलात तर तिथे पाणी ९८ अंशांच्या आतच उकळतं. कित्येक गाड्यांचा पंखाच त्या सुमारास सुरू होतो. म्हणजे रोजच्या कामाच्या तापमानालाच तुमचं पाणी उकळणार. तेच कूलंट आणि पाण्याचं ५०:५० मिश्रण आणि एक बारच्या आसपासची चांगली कॅप असेल तर उकळबिंदू १२५ अंशांच्या पलीकडे जातो. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. मॅन्युअलमध्ये आहे तोच घ्या. रबर चिरलं असेल किंवा मधली छोटी व्हॅक्यूम झडप अडकत असेल तर कॅप बदला. ती अडकली की गाडी गार होताना होज आत ओढले जाऊन चपटे होतात.

विहिरीचं पाणी तर नकोच. किनाऱ्याजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात खारटपणा येतो, आणि क्षार ॲल्युमिनियमला टोचून भोकं पाडतात. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी वापरा. मॅन्युअलमध्ये आपल्यासारख्या हवेसाठी ३०:७० (तीस कूलंट, सत्तर पाणी) दिलं असेल तर तेही चालेल, त्याहून पातळ नको. तयार मिश्रणाचा कॅन असेल तर त्यात पाणी घालू नका. रंग जुळला म्हणून दोन जातीची कूलंटं मिसळू नका. रंगावरून जात कळत नाही.

कूलंट बदलताना जुनं किती निघालं ते मोजा. मॅन्युअलमध्ये सात लिटर लिहिलंय आणि तुमच्या गाडीत पाचच गेलं, तर उरलेले दोन एकतर ब्लॉकमधलं जुनं पाणी आहे किंवा अडकलेली हवा. आतून धुतल्याचं (फ्लशचं) पाणी ब्लॉकमध्ये राहतं, त्यामुळे आधी कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घालून प्रमाण जुळवा आणि रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रण किती अंशाला गोठेल ते दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाने) तपासा. गोठणबिंदू उणे ३७ अंश दाखवला म्हणजे साधारण अर्धं-अर्धं. कोकणात बर्फ पडत नाही, पण प्रमाण कळायला हाच आकडा कामाचा. भरताना गाडीचं तोंड चढाकडे, हीटर गरमवर, हळूहळू ओता, ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडायचा) असेल तर उघडा. पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत चालू ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी पुन्हा बघा.

चौथी टीप अर्धी खरी आहे. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्यामुळे तो आपली उष्णता रेडिएटरच्या वाऱ्यात टाकतो. काटा चढतोय तेव्हा एसी बंद आणि हीटर चालू हा योग्य तात्पुरता उपाय. पण मे महिन्यात घरच्यांना घेऊन निघालेल्या गाडीत एसी बंद केल्याशिवाय घाट चढवतच नसेल, तर काहीतरी बिघडलंय. ते शोधा.

पाचवी साफ चूक. वॉटर पंप आणि व्हिस्कस पंखा (तेलाच्या क्लचमधून इंजिनच फिरवतं तो) इंजिनच्या वेगाप्रमाणे फिरतात. चौथ्या गिअरमध्ये १३०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून चढलात तर उष्णता सगळी, पाणी आणि वारा मात्र अर्धा. आंबा घाटाखालच्या साखरप्याच्या पुढे चढ लागला की आधीच खालचा गिअर टाका, डिझेल २००० ते २८०० च्या दरम्यान ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरा. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) घसरत राहिला की गिअरबॉक्सचं तेल तापतं, आणि अनेक गाड्यांत ते तेल गार होतं रेडिएटरमधूनच. सतत ओढायचं असेल तर वेगळा ऑइल कूलर लावणं हा या सगळ्यातला सर्वात उपयोगी खर्च.

सहावी टीप जुन्या गाडीत रिले, जाड वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज घालून करता येते. नुसत्या स्विचवर नाही, वायर वितळते. ईसीयू पंख्याचा वेग सांभाळतो त्या नव्या गाड्यांत हात लावू नका. व्हिस्कस पंखा गार इंजिनावर, गाडी बंद असताना हाताने फिरवा: जडपणा जाणवला पाहिजे, आणि हबभोवती तेलाचे ओघळ नकोत.

मेसेजमध्ये जे नाहीच ते जास्त महत्त्वाचं. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट टॉर्चने बघा. जांभ्याची तांबडी धूळ, पावसातला चिखल आणि पाचोळा तिथे थर धरतो आणि समोरून दिसत नाही. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या नळाच्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर फिन (रेडिएटरच्या पातळ पत्र्या) वाकतात. किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे फिन बोटाने घासल्यावर पांढरी भुकटी होऊन गळत असतील, तर रेडिएटर बदला, धुऊन उपयोग नाही. पंख्याभोवतीचा प्लास्टिकचा श्राउड एखाद्या दुरुस्तीत काढून ठेवलेला असतो, तो परत बसवा. त्याच्याशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा कमी ओढतो, आजूबाजूचीच जास्त ओढतो.

डॅशवरच्या काट्यावर विसंबू नका. कित्येक गाड्यांत तो बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मधोमधच उभा राहतो. स्वस्तातला ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र) लावून फोनवर खरा आकडा बघा, आणि कॅराव्हॅन जोडण्याआधी एकदा गाडी भरून तोच घाट चढून या. बहुतेक गाड्यांत १०५ पर्यंत काळजी नाही, ११० ला एसी बंद करून एक गिअर खाली, ११५ ला थांबायची जागा शोधायची.