टॉवेलची उधारी, स्टाइलशीटच्या दारी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा कारखाना आहे, चाळीसेक व्यापाऱ्यांकडे उधारी थकलीय? मग मुनीमजींना फोन करायला अजिबात सांगू नका. त्यात वसुली होऊन बसण्याचा धोका असतो. एक्सएसएलटी वापरा, म्हणजे टॅग लावलेल्या माहितीतून (एक्सएमएलमधून) हवा तसा मजकूर बनवणारी भाषा. तिची पहिली आवृत्ती १९९९ सालची, म्हणजे तुमच्या काही उधाऱ्यांपेक्षा वयानं लहानच.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून एक्सएमएल काढायचं, स्टाइलशीटमधून, म्हणजे एक्सएसएलटीत लिहिलेल्या प्रोग्राममधून फिरवायचं, की पत्र तयार. इथं भित्री माणसं थांबतात आणि पत्र पाठवायचं काम दुसऱ्या प्रोग्रामवर सोपवतात. तुम्ही थांबू नका. टेम्प्लेटच्या, म्हणजे कुठल्या टॅगचं काय करायचं ते सांगणाऱ्या नियमाच्या पोटातूनच जावा या दुसऱ्या भाषेतलं फंक्शन बोलवा आणि मेल तिथूनच धाडा. त्या फंक्शनचा निकाल एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या डब्यात ठेवायचा. या भाषेत कुठलं काम कधी करायचं हे प्रोसेसर, म्हणजे स्टाइलशीट चालवणारा प्रोग्राम ठरवतो. व्हेरिएबल पुढं कुठं लागत नाही असं दिसलं, तर तो फंक्शन चालवतच नाही. मेल जात नाही, चूकही दिसत नाही. किती शांतता! तेच दोन ठिकाणी वापरलंत, तर दोनदाही चालू शकतं.

चाचणी थेट व्यापाऱ्यांच्या पत्त्यावरच करा. स्वतःला मेल पाठवून काय मिळणार, बाकी तर त्यांच्याकडे आहे.

आम्ही हे सगळं केलंय, म्हणून अधिकारानं सांगतो. व्यापाऱ्यागणिक एकदा स्टाइलशीट चालवायचो, पत्ता बाहेरून द्यायचो. एका अपडेटनंतर एक्सएमएलच्या पहिल्याच टॅगला नेमस्पेस, म्हणजे टॅगचं आडनाव चिकटलं, आणि ते आतल्या सगळ्या टॅगांनाही लागलं. मुळावरचं, म्हणजे अख्ख्या फाइलला लागणारं टेम्प्लेट तेवढं जुळलं, बाकी एकही नाही. आणि टेम्प्लेट जुळलं नाही म्हणून एक्सएसएलटी गप्प बसत नाही. टॅग फेकून आतला मजकूर जसाच्या तसा ओतायचा, हा तिचा अंगभूत नियम. मेल गेले. प्रत्येकात सगळ्यांची नावं, फोन, बाकी, सलग, माग्यावरनं उतरलेल्या न कापलेल्या टॉवेलच्या ताग्यासारखं. मेलच्या नियमात एका ओळीला ९९८ अक्षरांची मर्यादा आहे. आमची ओळ त्याच्या कितीतरी पुढं गेली होती.

संध्याकाळपर्यंत कापडबाजारातल्या चाटी गल्लीत ज्याला त्याला दुसऱ्याची बाकी पाठ. पहिला फोन आला तो असा: "शेठ, माझे अठ्ठेचाळीस हजारच आहेत. माझ्या खालच्याचे दोन लाख दिसतायत, आधी त्याच्याकडनं घ्या की."