पेन उभं धरा

उजवं मनगट दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" म्हटलं, "घरांचे नकाशे काढतो." तर म्हणाले, "मग विटा पण तुम्हीच उचलता का?" गेल्या पंचवीस वर्षांत मी माउसपेक्षा जड काही उचललेलं नाही, हे त्यांना पटायला दोन भेटींची फी गेली.

तोडगा कन्येनं काढला. ती उपयोजित कला शिकते, म्हणजे दिवसभर एका काळ्या पाटीवर पेन फिरवत बसते. "बाबा, तूही पेन टॅब्लेट घे. १९६३ साली सदरलँड नावाच्या संशोधकानं स्केचपॅड हा संगणकावर चित्र काढायचा प्रोग्रॅम केला ना, तेव्हा पडद्यावर प्रकाशाच्या पेनानंच रेघा ओढल्या होत्या. माउस लोकांनी बघितला १९६८ मध्ये. पेन थोरलं." आमच्या घरात थोरल्याची बाजू कुणीतरी घेतंय, एवढ्यावरच मी विरघळलो.

पाटी आली. पेनात बॅटरी नाही, त्याला लागणारी ऊर्जा पाटीच पुरवते. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'दाबाच्या ८१९२ पातळ्या'. माझ्या ऑटोकॅडच्या, म्हणजे संगणकावर नकाशे काढायच्या, कामाला त्यातल्या दोनच लागतात: टेकलं आणि नाही टेकलं. उरलेल्या ८१९० मी फुकटच विकत घेतल्या.

माउस उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, कर्सर जागचा हलत नाही. पेनाला असली सवलत नाही. पाटीचा कोपरा म्हणजे पडद्याचा कोपरा, मधलं सगळं त्याच हिशोबात. त्यात माझे पडदे दोन आणि पाटी वहीच्या पानाएवढी. हात जरा सरकला की कर्सर जिन्यावरून निघून थेट ईमेलमध्ये.

पण खरी आठवण आली ती चाकाची. फिरवलं की नकाशा जवळ-लांब, दाबून धरलं की सरकतो, दोनदा दाबलं की अख्खा प्लॉट समोर. पेनाला चाक नाही, बाजूला दोन बारकी बटणं. पहिले चार दिवस माझी तर्जनी हवेतच चाक फिरवत होती. समोरचा शिकाऊ मुलगा मला बघून दोनदा उठून आला. त्याला वाटलं, सर बोलावतायत.

मग डबल क्लिक. खोलीचं नाव बदलायचं तर त्या अक्षरांवर पटपट दोनदा टेकायचं, आणि दोन्ही वेळा त्याच जागी. माझा दुसरा ठोका केसभर बाजूला पडायचा. पहिल्यानं अक्षरं निवडली जायची, त्यांच्याशी ती धरून हलवायचा निळा चौकोन उमटायचा, दुसरा नेमका त्या चौकोनावर. चौकोन लाल, अक्षरं पेनाला चिकटलेली. घाबरून मी पेन टेकवायचो, की अक्षरं तिथेच उतरायची. असं एकदा 'मास्टर बेडरूम' १.२ बाय २.१ मीटरच्या टॉयलेटात उतरलं आणि माझ्या लक्षात आलं नाही. प्रिंट पार्टीकडे गेली. काकूंनी चष्मा लावून बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "जागा कमी आहे हे मान्य आहे हो, पण इतकी?"

महिन्याभरात हात बसला. मनगट थांबलं. खांदा सुरू झाला.

डॉक्टरांकडे गेलोच नाही, त्यांनी यावेळी सिमेंटच्या गोण्यांचं विचारलं असतं. कारण त्या शिकाऊ मुलानंच शोधलं. डिप्लोमाला, १९९६ च्या सुमारास, आम्ही ट्रेसिंगच्या कागदावर रॉटरिंगच्या बारीक नळीच्या पेनानं शाई करायचो. आमचे सर बाकांमधून फिरत एकच वाक्य म्हणायचे, "पेन उभं धरा." आडवं धरलं की रेघ तुटते. आणि तळहात कागदाला लागता कामा नये, ओली शाई फरफटली की ब्लेडनं खरवडत बसा, जास्त खरवडलं की भोक, भोक पडलं की पुन्हा नवी शीट. मधे पंचवीस वर्षं माउस धरला म्हणून मला वाटलं, हात ते सगळं विसरला. त्याला पेन मिळायचा अवकाश, पेन उभं, करंगळी ताठ आणि कोपर अधांतरी. बटणावर अंगठा पोचत नव्हता तोही त्यामुळेच.

"सर, हात खाली टेकवा ना. असा वर का धरताय?"

त्यावेळी मी कंपाउंड वॉलची शेवटची रेघ ओढत होतो, मान न वळवता बोलून गेलो, "थांब रे, शाई ओली आहे."