फटके खाऊन हृदयाची झडप कणखर होत नाही

माझी भाची नववीत आहे. गेल्या वर्षी आधी घसा धरला, मग पंधरा-वीस दिवसांनी ताप, आणि एकामागून एक घोटा, गुडघा, मनगट सुजत गेलं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तेव्हा हृदयाच्या डाव्या बाजूची झडप गळतेय असं निघालं. रुमॅटिक फीवर, म्हणजे संधिवाताचा ताप. तेव्हापासून दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन चालू आहे. परवा ताईशी फोनवर बोलताना कळलं, की दोन तारखा चुकल्या. खोदून विचारलं तर चुकल्या नव्हत्या, तिनंच चुकवल्या होत्या. बचत गटाच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता, म्हणून. तो मेसेज तिनं मलाही पाठवला आणि वाचून माझं डोकं फिरलं.

त्यात म्हटलंय ते असं: सांधे बरे झाले की रोग गेला. पुढे पुन्हा ताप आलाच तर घाबरू नका, प्रत्येक तापानं प्रतिकारशक्तीला सराव होतो आणि हृदय कणखर बनतं. इंजेक्शनं ही शक्ती मारून टाकतात, प्रसंगी माणूसही दगावतो, आणि हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे. त्यापेक्षा गुळवेलीचा काढा प्या.

सांधे बरे होतात, हे खरं. मागे खूणही राहत नाही. पण या आजारात फसगत होते ती इथेच. हा ताप सांध्यांना नुसता चाटतो आणि हृदयाला चावतो, असं लासेग नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय. भाची आता जिना धावत चढते. त्यावरून झडपेचं काय चाललंय ते कळत नाही, त्यासाठी इकोच करावा लागतो.

आता त्या ‘सरावा’चं बघू. सगळ्यात जास्त घात करणारं वाक्य हेच आहे. घशात स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू शिरतो. शरीर त्याची ओळख पटवून घेतं आणि त्याच्यावर प्रतिपिंडं सोडतं. इथपर्यंत सगळं बरोबर चाललेलं असतं. पण या जंतूच्या अंगावरची काही प्रथिनं आणि शर्करा आपल्या हृदयातल्या प्रथिनांसारख्या दिसतात. काही मुलांच्या शरीरात ही ओळख चुकते आणि जंतूसाठी बनलेली प्रतिपिंडं झडपेच्या अस्तराला जाऊन चिकटतात. अस्तर सुजतं. सुजलेल्या जागेतून टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या हल्ला करणाऱ्या पेशी, आत घुसतात. निरोगी झडपेच्या पातळ पडद्यात रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. सूज ओसरताना तिथे व्रण धरतो आणि नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. म्हणजे पुढच्या वेळी हल्ला करणाऱ्या पेशींना आत जायला वाट तयार असते. त्यांना मागची आठवणही असते, कारण आठवण ठेवणं हेच तर प्रतिकारशक्तीचं काम. सराव होतो तो याचा! दर खेपेला झडपेचे पडदे जाड होतात, कडा एकमेकींना चिकटतात, पडद्यांना धरून ठेवणाऱ्या दोऱ्या आखडतात. मोठ्या माणसाची ही झडप ४ ते ६ चौरस सेंटीमीटर उघडते. ती दीडच्या खाली आली की आजार गंभीर धरतात. पुष्कळ मुलींच्या बाबतीत हे कळतं ते थेट बाळंतपणाच्या वेळी, कारण गरोदरपणात रक्ताचं प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही. माझ्या भाचीला कुणी ‘कणखर’ करायला निघालं असेल, तर त्याचा अर्थ हा आहे.

पेनिसिलीन प्रतिकारशक्तीला हातही लावत नाही. ते घशातल्या जंतूला मारतं, म्हणजे शरीराला चुकीची ओळख पटवायची वेळच येत नाही. शिवाय हा जंतू इतक्या वर्षांत पेनिसिलीनला सरावलेला नाही.

याला पुरावा हवा असेल तर युगांडातला बघा. तिथे ५ ते १७ वर्षांच्या, इकोत झडपेचा सुरुवातीचा दोष दिसलेल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला दर चार आठवड्यांनी इंजेक्शन दिलं, दुसऱ्याला नाही. दोन वर्षांनी इंजेक्शन घेणाऱ्या ३९९ मुलांपैकी ३ जणांचा आजार वाढला होता, न घेणाऱ्या ४०० पैकी ३३ जणांचा. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०२२ साली हे छापून आलंय. त्या मुलांचा दोष नुकता कुठे इकोत दिसत होता. माझ्या भाचीला तर ताप येऊन गेलाय.

इंजेक्शन जिवावर बेततं का? अ‍ॅलर्जी येऊ शकते, हे मी नाकारत नाही. त्या अभ्यासात अशी एक सौम्य घटना घडली, एकूण टोचलेल्या इंजेक्शनांच्या हजारात एकाहूनही कमी. झडप फारच बिघडलेल्या रुग्णांसाठी इंजेक्शनऐवजी गोळ्यांचा विचार करावा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननंही २०२२ मध्ये सांगितलंय. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, फॉरवर्डनं नाही. आणि इंजेक्शन दुखतं. दुधासारखं पांढरं, दाट औषध, जाड सुई. दुसऱ्या दिवशी पोरगी वर्गात एका कुशीवर कलून बसते. बाटली आधी तळहातांत धरून कोमट केली आणि सावकाश टोचलं तर त्रास कमी होतो, एवढं नर्सताईंना सांगता येतं.

धंद्याचं म्हणाल तर हे औषध इतकं स्वस्त आहे, की ते बनवण्यात कंपन्यांना रस उरलेला नाही आणि जगभर अधूनमधून त्याचा तुटवडा पडतो.

गुळवेल जंतू मारून झडप वाचवते, याला काही आधार नाही. उलट गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला होता, तेही सांगते. पण स्वतःच्याच हृदयावर उलटलेली प्रतिकारशक्ती आणखी ‘वाढवायची’ कशाला?

ताईला रात्री हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “अगं, पोरगी रडते गं दर वेळी.” त्यावर मला पटकन काही बोलता आलं नाही. मग ठरलं, की पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, सकाळीच जाऊन घ्यायचं, आणि तारखा मी माझ्या फोनमध्ये लावून ठेवायच्या. सकाळी साडेदहाला तिचा मेसेज आला: घेतलं.