शिंपले डोंगरावर चढले, की डोंगरच समुद्रातून वर आला?

एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्री जीवांचे अवशेष सापडतात, सपाट मैदानात घराएवढे धोंडे एकटेच पडलेले दिसतात, डोंगरांतल्या काही दऱ्या खरवडून काढल्यासारख्या रुंद असतात; म्हणजे हे सगळं एका जगबुडीने काही महिन्यांत घडवलं, आणि सरकणारे भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे) नि हिमयुग ही नंतर रचलेली कहाणी आहे, असा एक मजकूर हातोहात फिरतो आहे. गंमत अशी की त्यातली निरीक्षणं खरी आहेत. घोळ आहे तो निष्कर्षात. श्रद्धेतल्या प्रलयाबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण साक्षीला दगड उभे केलेत, तर त्यांचं म्हणणं पुरतं ऐकायला हवं.

"एव्हरेस्टवर शिंपले आहेत, म्हणजे पाणी तिथवर पोचलं होतं."

ते अवशेष डोंगरावर पडलेले नाहीत, डोंगराच्या दगडात आहेत. सगळा वाद या एका फरकावर सुटतो. एव्हरेस्टचा माथा चुनखडीचा आहे. उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून ती 45 कोटी वर्षांहून आधी तयार झाली, आणि त्याच गाळात ट्रायलोबाइट आणि समुद्रलिली या समुद्री प्राण्यांचे तुकडे गाडले गेले. पुराने वाहून आणलेला माल तयार डोंगराच्या अंगावर बसला असता. डोंगर त्या मालाचाच बनला नसता.

पाण्याचा हिशोबही करून पाहा. 8,848 मीटरवरचा माथा बुडवायचा तर आजच्या सगळ्या महासागरांत आहे त्याच्या तिपटीहून जास्त पाणी वरून आणावं लागेल, आणि नंतर ते कुठेतरी न्यावंही लागेल. पृथ्वीवरचं झाडून सगळं बर्फ वितळलं तरी समुद्र साधारण 65 ते 70 मीटरच चढेल.

ही शंका काही आजची नाही. पाचशे वर्षांपूर्वी लिओनार्दो दा विंचीने इटलीच्या डोंगरांतले शिंपले पाहून आपल्या वहीत हेच गणित मांडलं होतं. शिंपल्यातला जीव दिवसाला जेमतेम काही हात सरकतो; तो चाळीस दिवसांच्या पुरात एड्रियाटिक समुद्रापासून अडीचशे मैल आत कसा येईल? या प्रश्नाचं उत्तर त्या मजकुरात कुठेच नाही.

"भूपट्ट नखाच्या वेगाने सरकतात म्हणे. त्या वेगाने हिमालय उभा राहतो का?"

राहतो. वर्षाला 5 सेंटिमीटर, गुणिले 5 कोटी वर्षं, म्हणजे 2,500 किलोमीटर. भारतीय भूपट्टाची आशियाशी टक्कर साधारण 5 कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली, आणि मधला टेथिस समुद्र मिटला. त्याच्या तळाच्या गाळाला घड्या पडल्या, एका थरावर दुसरा थर चढला. आज तिबेटखालचं भूकवच 70 किलोमीटरच्या आसपास जाड आहे, म्हणजे खंडांखाली एरवी असतं त्याच्या जवळपास दुप्पट. इतका मुलूख गेला कुठे, याचं उत्तर तिथे आहे. हा वेग कुणी कल्पनेने ठरवलेला नाही. खडकात पक्के रोवलेले जीपीएस संच तो आजही वर्षानुवर्षं मोजत आहेत.

"एवढाले धोंडे पाण्याशिवाय कोण वाहून नेणार?"

बर्फ. वाहतं पाणी वजन बघून माल टाकत जातं: आधी गोटे, मग वाळू, शेवटी चिखल. हिमनदी असली निवड करत नाही. ती धोंडा आणि पीठ एकाच ढिगात ओतते, आणि बुडाशी अडकलेल्या दगडांनी खालच्या कातळावर समांतर ओरखडे काढत जाते. कॅनडात अल्बर्टातल्या ओकोटोक्सजवळ हजारो टन वजनाचा एक क्वार्ट्झाइटचा धोंडा मैदानात बसला आहे. तो शेकडो किलोमीटरांवरच्या रॉकी पर्वतातून बर्फावर बसून आला. नॉर्वेचा सोग्नेफियोर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी, समुद्रसपाटीखाली 1,300 मीटर खोल आहे आणि तोंडाजवळ त्याचा तळ एकदम वर येतो. नदीचं खोदकाम समुद्राच्या पातळीशी थांबतं. जाड बर्फ मात्र स्वतःच्या वजनाने त्याच्याही खाली खरवडत जातो, आणि पुढे चढावरही ढकलला जातो.

विल्यम बकलंड हा ऑक्सफर्डचा भूशास्त्रज्ञ धर्मगुरूही होता, आणि 1823 मध्ये महापुराच्या बाजूने लिहिणाऱ्यांत अग्रणी. 1840 साली हिमयुगाचा पुरस्कर्ता लुई अगासी याच्याबरोबर स्कॉटलंडमधले ओरखडे आणि ढिगारे पाहिल्यावर त्याने हे काम बर्फाचं असल्याचं उघड मान्य केलं. आजच्या मजकुरात त्याचं जुनं मत आहे. त्याने ते सोडलं, हे नाही.

प्रचंड पूर कधी आलेच नाहीत, असं मात्र मी म्हणणार नाही. हिमयुगाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेत बर्फाच्या बांधाआड तुंबलेलं मिसूला सरोवर बांध फुटून पुन्हा पुन्हा रिकामं झालं. तिथे प्रचंड पूर येऊन गेल्याचं जे हार्लन ब्रेट्झ हा भूशास्त्रज्ञ 1923 पासून सांगत होता, इतर भूशास्त्रज्ञांनी त्याला कित्येक दशकं उडवून लावलं, आणि 1979 मध्ये, नव्वदी उलटल्यावर, त्याला पेनरोझ पदक हा भूशास्त्रातला मोठा सन्मान दिला. पण त्या पुरांनी काय मागे ठेवलं ते पाहा: कोरडे धबधबे, उघडा पडलेला कातळ, गोट्यांच्या अजस्र लाटा. खऱ्या महापुराची खूण अशी असते. ती एका प्रदेशात आहे, पृथ्वीभर नाही.

"हिमयुग खरं, तर उष्ण देशांत त्याच्या खुणा कशा?"

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण तो विचारणाऱ्यावरच उलटतो. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचे हिमनदीचे ओरखडे आणि ढिगारे भारतात, दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि ब्राझीलमध्ये आहेत. ब्राझीलमधले ओरखडे सांगतात की बर्फ आग्नेयेकडून आला. तिकडे आज अटलांटिक आहे, आणि खंडावरची हिमनदी काही उघड्या समुद्रातून वर चढून येत नाही. खंड पुन्हा एकमेकांना जोडा, म्हणजे तो बर्फ आफ्रिकेच्या बाजूने येतो आणि सगळा प्रदेश दक्षिण ध्रुवाच्या आसपास जातो. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनरने खंड सरकतात असं 1912 मध्ये मांडलं, तेव्हा त्याच्या पुराव्यांत हे ओरखडेही होते.

"जमीन वर येताना कुणी पाहिली आहे?"

स्वीडनचं लुलेओ हे शहर 1621 मध्ये वसलं, आणि बंदर उथळ झालं म्हणून 1649 मध्ये दुसरीकडे हलवावं लागलं. हजारो वर्षांपूर्वी बर्फाचं ओझं उतरलं, तेव्हापासून तिथली जमीन उसळी घेते आहे, आणि स्वीडन-फिनलंडमधल्या बोथ्नियाच्या आखाताच्या उत्तर भागात अजूनही वर्षाला सेंटिमीटरभर वर येते. स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सियसने 1731 साली याच आखाताच्या काठच्या एका खडकावर पाण्याच्या रेषेशी खूण कोरली. आज ती पाण्याच्या बरीच वर आहे. त्याला मात्र वाटलं समुद्राचं पाणीच आटत चाललंय.