उंचीचा दोष

माझं वजन जास्त नाही, उंची कमी आहे. हे मी नाही, गणित म्हणतं.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, काढायचा तर किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. ७४ भागिले १.६५ चा वर्ग, म्हणजे २७.२. तक्ता सांगतो, १८.५ ते २५ ठीक, पुढे वजन जास्त, ३० पासून लठ्ठपणा. शाळेत गणिताने मला कधी साथ दिली नाही, पण अब्रूवर आलं की माणूस वर्गमूळही काढतो. वजनाला धक्का न लावता उंची साडेसात सेंटीमीटर वाढली, की मी २५ च्या आत! आणि उंची वाढवा म्हणून कुणी भरल्या ताटावर टोकत नाही.

हा शोध डॉक्टरांना ऐकवला. ते शांतपणे म्हणाले, "आशियाई लोकांना कमी बीएमआयलाच मधुमेहाचा धोका असतो. आपण २३ पासूनच जपायचं." बसल्या खुर्चीत, एक घासही न खाता, मी आणखी जाड झालो. साडेसातचे पंधरा सेंटीमीटर झाले.

मग या सूत्राचं मूळ शोधलं. ते मांडलं बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी, १८३० च्या दशकात. गृहस्थ डॉक्टर नव्हते, खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांना 'सरासरी माणूस' शोधायचा होता. सापडला असेल तर तो मी नव्हे. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये आलं, तेही माणसांच्या मोठ्या समूहांचा अभ्यास करताना. समूहात मी कुठेही खपून गेलो असतो.

खरी जखम पुढेच आहे. अमेरिकेत १९९८ पर्यंत पुरुषांची मर्यादा २७.८ होती. ती २५ वर आणली आणि काही कोटी माणसं रातोरात जाड ठरली. म्हणजे २७.२ वाला मी त्या काळी तिथे निर्दोष होतो!

शेवटचा मुद्दा बायकोसाठी राखून ठेवला होता. "बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. पैलवानही त्यात जाड ठरतो."

ती उठली आणि शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आली. आशियाई पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत हवी, हे तिने कधी वाचलं कोण जाणे.

"श्वास सोड."

"सोडलाय."

"सगळा सोड."